पाववाल्याची होडी

गावातल्या निम्म्या होड्या मिस्त्रीच्या हातच्या, आणि त्यातली एकही त्याने कागदावर आखलेली नव्हती. कागद दिसला की त्याला शाळा आठवायची आणि शाळा आठवली की पोटात कळ यायची. त्याचं मापाचं साधन वेगळंच होतं. ते साधन पायांनी लांबलचक होतं, बेसूर गायचं आणि चहात डोळे झाकून साखर ओतायचं. गाव त्याला मिस्त्रीचा भागीदार म्हणायचं.

पद्धत अशी. वल्हवायच्या होडीत सगळा खेळ अंतराचा असतो. बसायच्या फळीपासून पाय रोवायच्या आडव्या फळीपर्यंतचं अंतर चुकलं की वल्हवणाऱ्याची कंबर कामातून गेली. तर होडीचा सांगाडा उभा राहिला की भागीदाराने त्यात बसायचं, रिकाम्या हातांनी हवेत वल्ही मारायची, आणि मिस्त्रीने त्याच्या टाचांपाशी खडूने रेघ ओढायची. मग गिऱ्हाइकाला भागीदाराशेजारी उभं करायचं, दोघांच्या पायांकडे डोळे बारीक करून बघायचं, "हा चार बोटं कमी" किंवा "हा दोन बोटं कमी" म्हणायचं आणि तेवढी पायाची फळी मागे सरकवायची. जास्त कुणी निघालंच नाही. गावातला प्रत्येक माणूस मिस्त्रीच्या लेखी भागीदारापेक्षा थोडा कमीच होता.

दोघं शेडच्या मागच्या घरात राहायचे. गावाला माहीत होतं आणि नव्हतंही. अशा बाबतीत गाव मोठं सोयीने वागतं. तोंडाने कुणी बोलत नाही तोवर सगळ्यांना सगळं चालतं. "दोघांचा खर्च वाचतो," असं एकाने म्हणायचं, दुसऱ्याने मान डोलवायची, विषय मिटला. मिस्त्रीलाही ते बरंच वाटायचं. पण एका दुपारी भागीदार ताटावरून उठताना छातीला हात लावून खाली बसला, आणि ते बरं वाटणं किती महागात पडणार ते कळलं.

इस्पितळ खाडीच्या पलीकडे. दारातल्या नर्सने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" मिस्त्रीने तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. "भागीदार," तो शेवटी म्हणाला. "धंद्यातला." फक्त घरच्यांना सोडतो, असं नर्स म्हणाली. भागीदाराची थोरली बहीण आत गेली आणि मिस्त्री बाहेर त्याच्या चपला हातात धरून उभा राहिला. ती बाहेर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे लोक भेटायला आले तेही बहिणीकडे. तिला जवळ घेऊन रडले. मिस्त्रीने सगळ्यांना चहा केला. कप परत देताना एकजण त्याला म्हणालासुद्धा, "तुमचं धंद्याचं अवघड झालं हो आता!" मिस्त्रीने तो कप विसळायला घेतला.

त्यानंतर त्याने होडीला हात लावला नाही. दारं केली, खाटा केल्या, कोंबड्यांची खुराडीसुद्धा केली. कुणी होडीचं काढलं की लाकूड मिळत नाही म्हणायचा, आणि तेही लाकडाच्या ढिगावर बसून.

मग पाववाला आला. बंद पडलेली बेकरी त्याने चालवायला घेतली होती. बुटका, आडव्या अंगाचा, भुवयांत कायम पीठ. खाडीपलीकडे इस्पितळ आणि त्याभोवतीची वस्ती, तिथे सकाळी ताजा पाव पोचवायचा तर त्याला स्वतःची होडी हवी होती.

"लाँचने जा की," मिस्त्री म्हणाला.

"लाँचचं वेळापत्रक मी पाळेन हो. पाव पाळत नाही."

मिस्त्रीला हसू आलं. बऱ्याच काळाने आलेलं हसू नाकातून शिंकेसारखं बाहेर पडलं, आणि त्या गोंधळात तो हो म्हणून बसला. माणूस निघून गेल्यावर त्याने डोक्याला हात लावला. आपण हो का म्हणालो? होडी करायची म्हणून, की हा परत यावा म्हणून? दोन्ही प्रश्न त्याला आवडले नाहीत. त्याने रंधा उचलला आणि एक चांगली फळी उगाच तासून पातळ केली.

पाववाला रोज दुपारी यायचा. भट्टी थंड झाली की कागदात पावाच्या करपलेल्या कडा बांधून आणायचा, भुशावर फतकल मारून बसायचा आणि काम बघायचा. फार बोलायचा नाही. बोलला तर तिरकं बोलायचा. एकदा म्हणाला, "माझाही एक होता. मेला नाही. लग्न केलं त्याने. मी पाव पाठवला होता जेवणाला." मिस्त्रीच्या हातातली पटाशी तिथेच थांबली. 'माझाही' म्हणजे? याला कुणी सांगितलं? की कुणी सांगावंच लागत नाही? दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली, आणि तिसऱ्या दिवशीही.

भागीदाराची बहीण शेजारीच राहायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "हल्ली रोज दाढी?" ती कुंपणावरून म्हणाली. "लाकडाला टोचत होती का?"

"ताई, तू तुझी कामं कर."

"तीच करतेय," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

होडी पुरी होत आली तेव्हा पाववाल्याने विचारलं, "संध्याकाळी एकटेच जेवता ना? उद्या माझ्याकडे या." मिस्त्री हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घातला, दाराला कुलूप लावलं, आणि मग किल्ली हातात घेऊन तिथेच उभा राहिला. जावं तर कुणाला तरी टाकून निघाल्यासारखं होत होतं. न जावं तर कुणाला तरी ताटकळत ठेवल्यासारखं. मनातल्या मनात तो दोघांचीही माफी मागत राहिला. अंधार पडला तसं त्याने कुलूप काढलं आणि शर्ट न बदलता शिळा भात खाऊन झोपला. दुसऱ्या दुपारी पाववाला आला आणि त्याने काही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

होडी पाण्यात उतरली त्या दिवशी मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभा होता. पाववाला बसला, वल्ही धरली, दोन-चार हात मारले, आणि मिस्त्रीचं तोंड असं फुललं की किनाऱ्यावरच्या बायका बघत राहिल्या. त्याला स्वतःलाही कळेना की इतकं काय झालंय. होडी चांगली झाली होती, हे खरं. पण होड्या काय आधी कमी चांगल्या झाल्या होत्या?

मग पाववाल्याची कंबर धरायला लागली. तो उठताना हात टेकून उठायचा. "भट्टीपुढे वाकून होतं," म्हणायचा. मिस्त्रीने तेलाची बाटली दिली, "चोळून घ्या" म्हणाला, आणि कोण चोळणार हा विचार मनात येताच कान लाल करून शेडमध्ये गेला. पाववाल्याचं दुपारी येणं कमी झालं. आधी एक दिवस चुकला, मग आठवड्यात एखादाच दिवस उगवू लागला. मिस्त्री कागदात बांधलेल्या करपलेल्या कडांची वाट बघायला लागला, आणि त्या कडा काही चवीला खास नसायच्या.

एका सकाळी बहीण डोळे दाखवायला पलीकडे गेली. लाँच चुकली म्हणून पाववाल्याच्या होडीत बसली. परत आली ती थेट शेडमध्ये. टोपली खाली ठेवली आणि मिस्त्रीकडे बघत राहिली.

"काय झालं? डोळ्यांचं काही निघालं का?"

"डोळे ठणठणीत आहेत. सगळं दिसलं." ती फळीवर बसली. "तो पाववाला पावाचा पत्र्याचा डबा पालथा घालतो पायाखाली आणि त्यावर टाचा रोवून वल्हवतो. पाय पुरत नाहीत त्याचे. डबा घसरतो, तो परत ओढून घेतो. सबंध खाडीभर तेच चाललेलं." मग तिने टोपली जवळ ओढली. "अरे, ती माझ्या भावाची होडी आहे. बसल्या बसल्या ओळखली मी."

मिस्त्रीने पाववाल्याला बघितलं होतं, रोज बघितलं होतं. पाय मात्र कधी जोखले नव्हते. फळी बसवताना त्याचा हात आपसूक जुन्या जागी गेला होता आणि तिथून मागे सरकलाच नव्हता. शेजारी उभं करायला कुणी नव्हतं, म्हणून वजाबाकी करायचीच राहून गेली. मिस्त्रीच्या आयुष्यातली ही पहिली चुकलेली होडी. आणि ती कुणासाठी चुकली?

"तुला काय वाटतं ते मला नको सांगूस," बहीण उठत म्हणाली. "मी आत गेले होते त्या दिवशी. तू जायला हवं होतंस. ते मला अजून डाचतं. पण याला तरी बाहेर उभा करू नकोस."

दुपारी मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन किनाऱ्यावर गेला. पाववाला होडी वाळूत ओढून रिकामे ट्रे उतरवत होता. डबा पालथाच होता. मिस्त्रीने डब्याकडे बघितलं, पाववाल्याने मिस्त्रीकडे.

"सांगितलं का नाहीत?"

"पहिल्या दिवशी तुमचं तोंड बघितलं," पाववाला म्हणाला. "माझ्याकडे बघून इतकं खूश कुणी कधी झालं नव्हतं. म्हटलं, पाय पुरत नाहीत हे कशाला बोलायचं? सुखात मिठाचा खडा." त्याने ट्रे एकावर एक रचले. "मग आठवडाभराने लक्षात आलं की तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात. राग नाही हो. पण कंबर माझी आहे. होडी ठेवून घ्या. उद्यापासून मी लाँचने जाईन. पाव शिळा तर शिळा."

हा उद्यापासून येणार नाही, हे एकच मिस्त्रीला स्पष्ट दिसलं. बाकी डोक्यात नुसता कल्लोळ.

"ही माझ्यासाठी केली होती की त्याच्यासाठी?" पाववाल्याने विचारलं.

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाला. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं. "खरंच माहीत नाही. तो माझा माणूस होता. नवराबायकोचं असतं तसं आमचं होतं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, आणि आता भर दुपारी तुमच्या ट्रेंपुढे बोलतोय. त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे जेवायला निघालो होतो. कुलूपही लावलं होतं. मग वाटलं, तो परत आला तर दार बंद. मेलेला माणूस येत नाही, एवढं मला कळतं. पण पाय उचलेना. आणि तुम्ही येईनासे झालात तर मला कामात काही सुचत नाही. हे दोन्ही एकाच माणसाला कसं होतं, ते तुम्हीच सांगा."

"मला काय विचारता? मी पाव भाजतो."

मिस्त्री खाली बसला आणि पाय रोवायच्या फळीचे स्क्रू सोडवायला लागला. फळी सुटली तशी त्याने मान वर केली.

"बसा. आत बसा. डबा नको."

पाववाला बसला. मिस्त्रीने होडीत गुडघे टेकले आणि त्याचा पाय हातात घेतला. आखूड, रुंद पाऊल, टाचेच्या भेगांत पीठ, अंगठ्यावर भट्टीचा जुना डाग. हा पाय त्या पायासारखा अजिबात नव्हता. किती बोटं कमी म्हणावं तर कशापासून मोजायचं? मिस्त्रीला ते बघून आनंद झाला, आनंद झाला म्हणून वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाही आनंद काही जाईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्याने ते पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

पाववाला खाकरला.

"झालं का माप?"

"नाही अजून," मिस्त्री म्हणाला, आणि पाय हातातच धरून राहिला.