चेअरमनमधला 'र'

सोमवारी टँकर आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी शेजारच्या शेवंताबाई रिकामी घागर घेऊन थेट आमच्या प्रेसमध्ये शिरल्या.

"कोडं तुमी घालायचं, अन् तहानेनं आमी मरायचं व्हय?"

दुष्काळी उन्हाळा होता. उस्मानाबादेत आमच्या गल्लीला एका सहकारी सोसायटीचा टँकर पाणी द्यायचा. मी तिथल्याच साप्ताहिकात उपसंपादक. शब्दकोडं माझ्याकडं. साधं नव्हे, गूढ. म्हणजे शब्द फोडून, नाहीतर उलटून उत्तर काढायचं. त्या अंकात मी लिहिलं होतं, 'खुर्चीला मन चिकटलं की हा होतो (५)'. चेअर अधिक मन, चेअरमन. मी जाम खूश होतो स्वतःवर. त्यातल्याच 'र'वर उभा शब्द बसत होता, टँकर. बसवला. गावानं दोन्ही शब्द एकत्र वाचले आणि चहाच्या हॉटेलात हसून घेतलं. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी चिडून आमच्या गल्लीचा टँकरच बंद केला.

संपादक म्हणाले, "जा, माफी मागून या. आख्खी गल्ली कोरडी आहे."

गेलो. चेअरमनसाहेबांच्या टेबलावर आमचा अंक उघडाच होता.

"खुर्चीला चिकटलोय व्हय आमी?"

"साहेब, शब्दांचा खेळ आहे तो."

"खेळ न्हाय. टोमणा हाय."

माफी अगदी ओठांवर आली होती. पण माझ्या कोड्याला कुणी टोमणा म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणालो, "एक सोडवून बघा. नदी उलटली की गरीब. दोन अक्षरं."

साहेब पुटपुटले, "नदी... दीन. दीन!" टेबलावर थाप पडली. "लई भारी. अजून एक घाला."

दोन-तीन घातली. चहा आला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात कप खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "समदं ठीक हाय. पर टँकर आमच्या मोसंबीच्या बागेत जातो, हे तुमाला कुणी सांगितलं?"

मी अंक पुढं सरकवला. "साहेब, कोड्यात बाग कुठंय?"

त्यांनी आडवं वाचलं, उभं वाचलं. कान लाल झाले. मग माझ्याकडं न बघता ड्रायव्हरला हाक मारली. "ह्यांच्या गल्लीत जा. आधी तिथं."

संध्याकाळी शेवंताबाईंची घागर भरली. माफी छापायची राहिलीच.

तेव्हापासून अंक छपाईला सोडण्याआधी मी उभे-आडवे शब्द एकत्र वाचून बघतो. कोडं घालणाऱ्याला उत्तर माहीत असावं लागतं. त्या खेपेला ते मला सोडून चेअरमनसाहेबांना माहीत होतं.