निंबानानांच्या फाईलला रंग चढतो

आमच्या पाचोऱ्याच्या केळी संस्थेत कोणाच्या मळ्यात कापणी कधी, हे संचालक ठरवतात असं संचालकांना वाटतं. ठरवतो तो निंबानानांचा प्रोग्राम. तीस वर्षांपूर्वी नानांनी फॉक्सप्रो या आता जुन्या झालेल्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. त्याला वशिला कळत नाही, एवढाच काय तो दोष.

यंदा संस्थेत नवे संगणक आले आणि अध्यक्ष धनसिंगआबांनी प्रोग्राम आतून बघायला मागितला. प्रोग्राम लिहायच्या-वाचायच्या नव्या एडिटरमध्ये संगणकाच्या आजकालच्या भाषांची फाईल उघडली की शब्द निळे, जांभळे, हिरवे दिसतात. नानांची भाषा त्याला ठाऊकच नाही, त्यामुळे काळ्या पडद्यावर सगळं पांढरंफटक. आबांचा जन्म केळीचा रंग बघून माल ओळखण्यात गेलेला.

"नाना, बठ्ठं पांढरं शे. ह्याम्हा जीव नही. नवीन आना, नही ते हाई बंद!"

प्रोग्राम रोज सकाळी बिनतक्रार चालतो, हे आबांना सांगून उपयोग नव्हता.

आमची नवी इंजिनीअर डिंपल म्हणाली, "नाना, तुमचं काही चुकलं नाही. एडिटरला तुमची भाषा शिकवायची राहिलीय." परदेशातल्या कुणा हौशी माणसाने बनवलेलं एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला ती भाषा शिकवणारी जोडणी, तिने शोधून बसवली. फाईल उघडली तर अटी निळ्या, टिपा हिरव्या. नाना डोळे पुसत म्हणाले, "हाई मना हातनं शे?" मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारच्या सभेत आबा पडद्यापुढे उभे राहिले. "आते पिकनं हाई!"

"आबा, एक अक्षरही बदललेलं नाही. फक्त रंग आलाय," डिंपल म्हणाली.

आबा हसले. "पोरी, केळं बी तेच ऱ्हास. रंग उना की गिऱ्हाईक येस." संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ठराव झाले. पडद्यावरचा रंगीत, म्हणजे 'नवा' प्रोग्राम मंजूर. आणि नवा आलाच आहे तर जुन्या प्रोग्रामच्या माणसाला उगाच त्रास नको, म्हणून निंबानानांना शाल-श्रीफळ देऊन कामातून मोकळं करावं.

नाना उठले. "आबा, हाऊ तोच प्रोग्राम शे..." तोवर खांद्यावर शाल पडली होती.

सभेचं इतिवृत्त मीच लिहितो. मी 'सर्वानुमते' असं लिहिलं आणि खाली सही केली.