कोठारामागचा दोन डोक्यांचा गरुड

तेओफिल कुदेल्कानं बांधलेली चूल कधी धुरकटली नाही. विटांच्या, खोलीभर ऊब देणाऱ्या, हिवाळ्यात पाठ टेकून बसावं अशा चुली. पन्नास वर्षांत आसपासच्या चाळीस गावांत त्यानं त्या बांधल्या. पण त्याच्या स्वतःच्या गावात, ओल्शिनेकमध्ये, पुलापलीकडे एकसुद्धा नाही. पलीकडच्यांना दोन कोस लांबून गवंडी आणावा लागे. कुणी छेडलं की तेओफिल म्हणे, "त्यांना चूल कशाला? दिवसभर अंथरुणात असतात, गरमच राहतात की!"

पलीकडचेही काही कमी नव्हते. "तुम्ही प्रशियावाले, घड्याळ बघून ढेकर देणारे," असं ते पुलावरूनच सुनवायचे.

गाव केवढं? मधून ओढा वाहतो, त्यावर एक पूल, दोन्हीकडे मिळून सत्तर घरं. शंभरावर वर्षं हा ओढा दोन राज्यांची सरहद्द होता. अलीकडे प्रशियाचा राजा, पलीकडे रशियाचा झार. दोघं गेले, सरहद्द पुसली, दोन महायुद्धं होऊन गेली, पण गावात अलीकडचे अजून प्रशियावाले आणि पलीकडचे झारवाले. तेओफिलचं घर अलीकडे, अगदी पुलाला लागून. "पहाऱ्यावरचं घर आहे हे," तो मिशीवर ताव देत सांगायचा. कोठारामागे एक लांबलचक ओलसर खळगा होता, उन्हाळ्यातही पाय रुतायचा, बेडूक ओरडायचे. तो खळगा तिथं का, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि अशा माणसाच्या नातीनं, यागोदानं, लग्न ठरवलं ते पलीकडच्या तिमोनशी!

"नवऱ्या मुलीला आशीर्वाद द्यायचा असतो आजोबानं," सून हलिना, यागोदाची आई, रोज विनवायची.

"देईन. मुलगा बदला."

"अहो बाबा, मुलगा डॉक्टर आहे जनावरांचा! तुमचीच गाय वाचवली त्यानं."

"गायीनं करावं मग लग्न."

यागोदाची आजी नव्हती, बाप परदेशात कामाला होता आणि लग्नाला जेमतेम पोचणार होता. तिला आईच्या बरोबरीनं वाढवलं ते तेओफिलनं. आजोबाच्या हातचं पवित्र पाणी कपाळावर पडल्याशिवाय चर्चची पायरी चढणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. म्हातारा हटेना, पोरगी हटेना. लग्न शनिवारी.

बुधवारी मांडवाच्या खांबासाठी कोठारामागे, खळग्याच्या काठावर खड्डे खणायला घेतले. कुदळ खणकन वाजली. निघाला कमरेएवढा दगड. तेओफिलला वाटलं, जुनी काही ठेव असणार. बादलीभर पाणी आणि घोड्याचा खरारा घेऊन बसला स्वतः घासायला. जंगलाकडच्या बाजूला एक गरुड निघाला, एका डोक्याचा, प्रशियाचा. तेओफिल खूश. मग वळसा घालून तो दुसऱ्या बाजूला आला, घासू लागला. या गरुडाला दोन डोकी होती. झारचा गरुड. सरहद्दीच्या दगडावर प्रत्येक गरुड आपल्याच राज्याकडे तोंड करून असतो. आणि तो थेट तेओफिलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बघत होता.

"कुणीतरी उलटा पुरला असेल," तो पुटपुटला. पण दगड खाली दीड हात चुन्यात बसवलेला होता, आणि तसली बैठक गवंड्याला कुणी शिकवायला नको.

हलिनानं शाळेच्या बाईंना बोलावलं. बार्बरा बाईंनी जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, बीटच्या सूपचा वाडगा बाजूला सारून.

"आजोबा, हे पाहा. ओढा पूर्वी तुमच्या कोठारामागून वाहायचा. तो खळगा म्हणजे त्याचं जुनं पात्र. वरच्या पाणचक्कीचा बांध फुटला त्या वर्षी ओढ्यानं वाट बदलली. सरहद्द मात्र होती तिथंच राहिली."

"म्हणजे माझं घर..."

"जुनं पात्र आणि आताचा ओढा, त्या दोन्हींच्या मधे. एकटं तुमचंच. झारच्या हद्दीत."

  तेओफिलनं वर माळ्याकडे पाहिलं. "समोवार."

माळ्यावर एक पितळी समोवार होता, चहाचं पाणी उकळायचा. आपल्या आजोबांनी तो लढाईत झारच्या शिपायाकडून हिसकावला, असं तेओफिल प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगत आलेला. आणि आजोबा विटा रचताना रशियन भाषेत आकडे मोजायचे. ती म्हणे पलीकडच्यांची नक्कल होती, आणि ती ऐकून नातू तेओफिल हसून लोळायचा.

"नक्कल नव्हती ती," तो स्वतःशीच म्हणाला. "मला वाटलं नक्कल. ते नुसतं मोजत होते गं हलिना. नुसतं मोजत होते!"

दोन दिवस त्यानं भाकरीचा तुकडा मोडला नाही. खळग्यात उतरायचा, चढायचा, पुन्हा उतरायचा. बातमी पूल ओलांडून गेली. तिमोनचा आजा लुत्सियान कुंपणाशी येऊन उभा राहिला. साठ वर्षांत पहिल्यांदा.

"काय रे झारवाल्या, उठलास का अंथरुणातून?"

तेओफिलनं कुंपणाचं फाटक उघडलं आणि त्याला दगडापाशी घेऊन गेला. 

शनिवारी वाजंत्री वाजली. तिमोन पूल ओलांडून आला, अंगणात माणसं जमली, पण म्हातारा कुठं दिसेना. यागोदा पांढऱ्या झग्यात उंबऱ्यावर बसून राहिली. शेवटी वाजंत्र्यांतला ढोलवाला रस्त्यावरून ओरडला, "अगं, इकडं ये! म्हातारा इथं आहे!"

आमच्याकडे वरातीपुढे दोरी धरतात, आणि व्होडकाची बाटली घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दोरी धरायची ती पुलावर, आणि धरायचा तो तेओफिल. आज त्यानं दोरी धरली होती चर्चच्या वाटेवर, रस्ता त्या खळग्यात उतरतो तिथं, जिथं आजवर कुणीच धरली नव्हती. दुसरं टोक लुत्सियानच्या हातात. यागोदा आणि तिमोन सगळ्या वरातीसकट दोरीपाशी आले.

"थांबा!" तेओफिल ओरडला. "इथं सरहद्द आहे. दोन झारवाले कुठं निघालात?"

तिमोननं बाटली पुढं केली. म्हाताऱ्यानं ती घेतली नाही. खिशातून पवित्र पाण्याची कुपी काढली.

यागोदा रडत हसली. "आजोबा, पण तुम्ही दोरीच्या चुकीच्या बाजूला उभे आहात. ती प्रशियाची."

त्यानं पायांकडे पाहिलं, मग घराकडे. आणि गुडघ्याला हात देत, लुत्सियानच्या खांद्याचा आधार घेत, दोरी ओलांडून नातीकडे आला.