ब्रेकवाल्याचं स्टूल

रणगाड्यांच्या कारखान्यात ब्रेक बसवणाऱ्या या गृहस्थाचा कुणावरच विश्वास नव्हता. घराचं कुलूप तो चार वेळा ओढून बघायचा. बायकोने लावलं असेल तर पाचव्यांदा. साठ टनांचं धूड ताशी सत्तरच्या वेगाने पळतं म्हणून सगळे कौतुक करायचे. हा खेकसायचा, "पळण्याचं काय घेऊन बसलात? थांबतं का ते बघा!"

कारखान्याची रीतच होती, की चालकाने लाल झेंड्याशी ब्रेक दाबायचा आणि ज्याने ब्रेक बसवले त्याने पुढच्या पांढऱ्या रेषेवर उभं राहायचं. त्या दिवशी चालक होता त्याचाच जावई. जमीन हादरवत रणगाडा आला आणि रेषेच्या बराच अलीकडे थांबला. टाळ्या पडल्या. याच्या कपाळावर मात्र आठ्या.

"जावईबापू, झेंड्याच्या आधीच दाबलात ना?"

"नाही हो मामा, तुमची शपथ!"

"माझी शपथ घेताय, म्हणजे नक्कीच दाबलात."

त्याने आपलं बसायचं लोखंडी स्टूल आणून रेषेवर ठेवलं आणि स्वतः बाजूला झाला. "आता या. स्टुलाला मुलगी नाही."

रणगाडा पुन्हा सुसाट आला, झेंड्याशी ब्रेक लागला आणि स्टूल चिरडून पुढे जाऊन थांबला. जावई खाली उतरला तो पांढराफटक पडूनच. सासऱ्याने चपटं झालेलं स्टूल उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"मला वाटतच होतं," तो म्हणाला, "या ब्रेकवाल्याचं काही खरं नाही."