मला ऐकू येतो तो बँड

मला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने थोडंसं. तरी मी एका बँडची फॅन आहे. फॅन हा शब्द माझ्या नातीचा. ती कॉलेजात जाते, आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझ्याच खोलीत झोपते, आणि हे सगळं मी बोलते तसं तीच लिहून घेते. मी चौथीपर्यंत शिकले. सही येते, बसचा नंबर वाचता येतो, तेवढ्यावर निभावलं.

लोकांना हसू येतं. बिल्डिंगमधल्या बायका संध्याकाळी बागेत भजनाला बसतात, मला बोलावतात. मी जाते, टाळ्या पण वाजवते, पण मला त्यातलं काही पोचत नाही. पेटी, झांजा, बायकांचे बारीक आवाज, ते सगळं माझ्यासाठी केव्हाच बंद झालं. त्या चार जणांचं गाणं मात्र पोचतं. दोन गिटार, ड्रम आणि पोटातून गाणारा माणूस. ते कसं, ते सांगायचं तर पानिपतापासून सांगावं लागेल.

आमचे मालक फौजेत होते. गाव सातारा जिल्ह्यातलं, पण लग्न झाल्यावर मी दिल्लीच्या छावणीत आले. मुलगी दोन वर्षांची असताना त्यांचा ट्रक उलटला. लढाई नव्हती, काही नव्हतं, सामान पोचवून परत येत होते. छावणीतलं क्वार्टर सोडावं लागलं. दीर म्हणाले, गावी या. गावी गेले असते तर चौथीनंतर मुलीची शाळा सुटली असती. माझी सुटली होती, म्हणून मला माहीत होतं. शेजारच्या क्वार्टरमधली बाई पानिपतची होती, तिच्या भावाची चादरींची शेड होती. ती म्हणाली, "चल मेरे साथ, हाथ का काम सीख ले."

आमच्याकडे कुणाचं पानिपत झालं म्हणजे सगळंच बुडालं. आणि मी तिथेच पोट भरायला निघाले. आईला कळवलं तर तिने कपाळाला हात लावला. शेडमधले लोक पण सोडायचे नाहीत. "मराठन आई है. इस बार जीत के जाएगी क्या?" मी म्हणायची, "जाऊँगी ही नहीं." तेवीस वर्षं राहिले.

शेडमध्ये चौदा लूम होत्या. चौदाच्या चौदा चालू झाल्या की बाजूला उभ्या माणसाने ओरडलेलं कळायचं नाही. मग आम्ही हाताने बोलायचो. पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाशी. शेडचा मालक आला तर मिशीवर बोट. बाकी सगळं ओठांवर. ओठ वाचायला मी सहा महिन्यांत शिकले. पुस्तक वाचायला चार वर्षं गेली होती. कानात कापूस घालून चालायचं नाही, कारण लूम बिघडायला लागली की आधी तिचा आवाज बदलतो आणि तो पकडावा लागतो. कान उघडे ठेवले, म्हणून गेले. त्याचं मला काही वाटत नाही. मुलगी त्या लूमवर बारावी झाली.

लूम दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याला गाण्याचं वेड. लग्नात वाजवतात तसला मोठा जुना स्पीकर त्याने कुठून तरी आणला आणि शेडमध्ये खांबाला टेकवून ठेवला. दिवसभर सिनेमाची गाणी लावायचा. कुणालाही काही ऐकू यायचं नाही, तरी लावायचा. एकदा दुपारी मी धोट्यातली सुताची कांडी बदलत होते. आधी पायाला कळलं. मग छातीला. लूमचा एक ठोका पडला की दुसरा पडायच्या आत जी थोडी जागा असते, बरोबर त्या जागेत तिसरंच काहीतरी वाजत होतं. ढप, ढप, आणि त्याच्यावर एक जाड आवाज गात होता.

मी मिस्त्रीला ओठांनी विचारलं, "ये क्या है?"

तो म्हणाला, "दिल्ली के लड़के हैं. गाना कम, शोर ज़्यादा. बंद कर दूँ?"

"रहने दो."

"तुझे ये पसंद आया?"

"मुझे ये सुनाई दिया."

शेडमध्ये आल्यापासून सात वर्षांत मी ऐकलेलं ते पहिलं गाणं. 

त्यानंतर मी रोज तीच कॅसेट लावायला सांगायची. बाकीचे वैतागायचे. शेवटी मिस्त्रीने ती मलाच देऊन टाकली, म्हणाला, "ले जा माई, मेरे कान बचा." कॅसेटच्या कागदावर सगळे शब्द छापले होते. मुलगी माझ्यासमोर बसून ते हळूहळू म्हणून दाखवायची आणि मी तिच्या ओठांवरून शिकायची. पावसात मित्राची वाट बघण्याचं एक होतं, एक घर सोडून जाण्याचं. त्यांची पुढची प्रत्येक कॅसेट आणली. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्या पण आणल्या. सण असो नसो, नवी कॅसेट आली की मी गोड करायची. मुलगी म्हणायची, "आई, लोक देवाचं करतात, तू बाजेवाल्यांचं करतेस."

मुलीला सरकारी नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, तिने मला दिल्लीला आणलं. निघायच्या आधी शेवटच्या महिन्यात मी शेडच्या कोपऱ्यातल्या हातमागावर स्वतःसाठी एक सतरंजी विणली. निळे आणि पांढरे पट्टे, घट्ट विणीची. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या पलंगावरच्या चादरी केल्या, ही एक माझी.

मागच्या वर्षी डॉक्टरने सांगितलं, उजवा कान पण फार दिवस साथ देणार नाही. कानाला मशीन लावून बघितलं, नुसती शिट्टी वाजायची. मी काढून डब्यात ठेवलं. त्याच महिन्यात नात फोन घेऊन आली. "आजी, तुझा बँड येतोय. दिल्लीत. बघ ना, सगळे म्हातारे झालेत, तुझ्यासारखे."

तोपर्यंत मी त्यांना समोरून कधी ऐकलं नव्हतं. म्हणलं, जायचं. पण एक गोष्ट होती. मला पुढे उभं राहायला मिळालं पाहिजे. गाणाऱ्याचे ओठ दिसले पाहिजेत आणि ठोका छातीत लागला पाहिजे. मागे उभी राहिले तर मला नुसत्या लोकांच्या पाठी दिसणार, बाकी काही मिळणार नाही. आणि पुढच्या खेपेला कान असेल की नाही, कुणी सांगावं.

मुलगी म्हणाली, "आई, तिथे खुर्च्या नसतात. पोरं धक्के मारतात."

"बारा-बारा तास लूमवर उभी होते मी."

"तेव्हा गुडघे होते तुझे."

हे मात्र खरं होतं. मग मी माझं डोकं चालवलं. छावणीत असताना शनिवारी मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवायचे. संध्याकाळचा सिनेमा, पण आम्ही बायका दुपारीच जाऊन आपापली सतरंजी टाकून यायचो. सतरंजी टाकली की जागा आपली. सुभेदाराच्या बायकोची असो की शिपायाच्या, दुसऱ्याची सतरंजी कुणी हलवायचं नाही. तिथे तसाच कायदा होता. मला वाटलं, मैदान ते मैदान, इथे पण तसंच असणार.

गेट पाच वाजता उघडणार होतं. मी नातीला घेऊन एक वाजता पोचले, काखेत सतरंजी. 

"आजी, चार घंटे आहेत अजून."

"मग बरोबर वेळेत आलो."

गेटवर खाजगी कंपनीचा गार्ड होता, पण त्याचे बूट बघून मी ओळखलं. असे बूट फौजेतून आलेलाच चमकवतो. मी जय हिंद म्हणलं. त्याने विचारलं, साहेब कुठल्या पलटणीत होते. मी सांगितलं. तो म्हणाला, "धूप में मत खड़ी रहो अम्मा, अंदर छाँव में बैठ जाओ. पाँच बजे तक हिलना नहीं."

मी हलले. स्टेज रिकामं होतं, माणसं तारा ओढत होती. मी बरोबर स्टेजच्या मधोमध पुढे जाऊन सतरंजी अंथरली, एका कोपऱ्यावर पाण्याची बाटली ठेवली, दुसऱ्यावर डबा, आणि बसले. नात लांब जाऊन फोनमध्ये डोकं घालून उभी राहिली. माझी तिची ओळखच नाही.

थोड्या वेळात गळ्यात कार्ड आणि हातात वायरलेस घेतलेली एक मुलगी आली. "अम्माजी, ये क्या है? यहाँ तो सब खड़े होते हैं."

"होने दो. मैंने जगह रखी है."

"ऐसे जगह नहीं रखते."

"हम तो ऐसे ही रखते हैं."

"किसने बोला आपको?"

आता हिला छावणीचं काय सांगायचं. तिने वायरलेसवर कुणाला तरी बोलावलं आणि स्वतः वाकून सतरंजीचं एक टोक उचललं. माझी सतरंजी आजवर कुणी उचलली नव्हती. मी भांडले नाही. भांडून जागा मिळत नाही, हे शेडमध्ये शिकले होते. मी डबा उचलला, बाटली उचलली. मला एवढंच कळत होतं की पाच वाजता गेट उघडल्यावर पोरं पळत सुटणार आणि मला पळता येणार नाही. झालं, म्हणलं. मागे उभं राहू आणि घरी जाऊ.

वर स्टेजवर एक माणूस मघापासून ड्रमपाशी बसत होता आणि उठत होता. हाफ पँट, केस पांढरे, चष्मा. मी त्याला टेम्पोवाला समजले होते. त्याने पायाने मोठा ड्रम वाजवला की सगळं सामान फळ्यांवरून पुढे सरकायचं. चिकटपट्टी लावली, विटा लावल्या, तरी सरकायचं. त्याने खाली बघितलं आणि काहीतरी बोलला. आवाज मला आला नाही, पण ओठ दिसले. "वो दरी किसकी है?"

दरी म्हणजे सतरंजी. मी हात वर केला. 

नात पळत आली आणि माझा दंड धरला. "आजी. आजी, हे ड्रमवाले आहेत. तुझे."

तो खाली आला. सतरंजीवर हात फिरवला, अंगठ्याने दाबून बघितली. "हमारा क़ालीन दूसरी गाड़ी में रह गया. ये बढ़िया है. कहाँ से ली?"

"ली नहीं. बनाई."

"आपने?" मग त्याने माझे हात बघितले. "आज शाम के लिए दे दोगी अम्मा?"

मी विचार केला. सतरंजी दिली तर माझ्याजवळ काय राहिलं. आणि नाही दिली तरी ती इथे राहू देणार नाहीत. मी म्हणलं, "दूँगी. पर ये दरी मेरी जगह है. ये जहाँ बिछेगी, मैं वहीं बैठूँगी."

वायरलेसवाली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो हसला. "फिर तो आपको ऊपर आना पड़ेगा."

वर गेले. त्याने सतरंजी कशीही टाकली, मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. अशी उभी टाकली तर सरकते, पट्टे आडवे आले पाहिजेत, मग विणीची कड फळीला धरते. गुडघे टेकून सगळ्या सुरकुत्या काढून दिल्या. तो बसला, पायाने जोरात मारून बघितलं. ड्रम जागचा हलला नाही. "अरे वाह," तो म्हणाला, आणि पुन्हा मारलं. त्याला सांगावंसं वाटलं की पानिपतला तुमच्या ठोक्यावर मी सोळा वर्षं धोटा चालवला. पण तो सामान जुळवत होता. काम करणाऱ्या माणसाला मी मध्ये बोलत नाही.

मला त्यांनी स्टेजच्या कडेला, पडद्याआड, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. नात शेजारी. पाच वाजता गेट उघडलं आणि पोरं खरंच पळत आली.

अंधार पडता पडता गाणं सुरू झालं. आता खरं सांगायचं तर ओठ मला दिसले नाहीत. कडेने नुसता गाणाऱ्याचा गाल दिसत होता आणि एक कान. ज्याच्यासाठी पुढे उभं राहायचं होतं ते मिळालंच नाही. पण फळ्या लाकडाच्या होत्या. मी चपला काढल्या आणि पाय खाली ठेवले. ड्रम माझ्या सतरंजीवर वाजत होता, सतरंजीतून फळीत, फळीतून माझ्या पायात येत होता. शेडमध्ये पहिल्यांदा आला होता तसाच. शब्द तर मला पाठच होते, ते मी माझे म्हणत होते. मित्राच्या गाण्याला मी एवढ्या मोठ्याने म्हणत असणार की नातीने वळून बघितलं. मग ती पण म्हणायला लागली, आणि तिचे ओठ मला दिसत होते.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "काय ऐकू आलं?"

"सगळं."

"कानाने?"

"नाही."

ती डॉक्टरांकडे न्यायला उतावीळ झाली होती, पण तेव्हापासून मला कानाची घाई वाटत नाही. उजवा गेला तर जाईल. पाय आहेत. नातीने तिचा स्पीकर टेबलावरून काढून खाली फरशीवर ठेवलाय, मी खुर्ची ओढून पाय टेकवते. सतरंजीवर ड्रमच्या पायांचे खळगे पडलेत. मुलगी धुवायला नेत होती, मी नको म्हणलं.

बागेत भजनाला आता पण जाते. पूर्वी कडेला गवतावर बसायची. आता ढोलकीवाली ज्या बाकावर बसते, तिथे तिला सरकायला सांगते. बाक लाकडी आहे. तिथे जरा जरा पोचतं.