आप्पांचा हात थरथरत नव्हता

आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यातच होतो. प्रेसवाल्यांच्या ग्रुपवर भराभर जोडलेले हात पडायला लागले आणि मीही लिहून टाकलं, ‘सच्चा कारागीर हरपला’. तेराव्याला त्यांच्या गावी, कोरीटला, चार शब्द बोलायला मलाच उभं केलं. तिथंही बोललो, भरपूर बोललो... आज महिना झाला, पण ते भाषण आठवलं की तोंडाला कडू पाणी सुटतं.

दगाजीआप्पा आमच्या नंदुरबारच्या छापखान्यात वडिलांच्या वेळेपासून खोक्यांच्या घड्या पाडत. गिऱ्हाईक छपाई बघतं, पण खोकं उभं राहतं ते घडीवर. आप्पा पुठ्ठ्याची बारीक पट्टी जिभेनं ओली करायचे आणि ती कुठं वळते ते बघून पुठ्ठ्याचे तंतू कसे धावतात ते ओळखायचे. वडील चिडवायचे, आप्पा, भूक लागली असेल तर भजी मागवतो, पुठ्ठा खाऊ नका. मग पोलादाची बोथट पट्टी, खाली तिच्या मापाची खाच आणि मशीनचा दाब असा जुळवायचे की पुठ्ठा कापला न जाता नुसता दबायचा. आतल्या अंगाला बारीक वळ उठायचा, आणि त्या वळावर खोकं कितीदाही मिटा, उघडा, तडा जायचा नाही. याला आम्ही क्रीजिंग म्हणतो. ते बसवण्यात अख्खा दिवस मोडायचा आणि तो दिवस माझ्या डोळ्यांत खुपायचा. धारेच्या पट्टीनं पुठ्ठा निम्मा कापला तरी घडी पडते, तीही चटकन. हा हाफ-कट. मी एकदा तसं सुचवलं तर मान वर न करता म्हणाले, “पुठ्ठा वाकाडानं शे भाऊ, मोडानं नई.”

चार वर्षांपूर्वी एका मिरची पावडरवाल्याला खोकी घाईनं हवी होती. आप्पा लग्नाला तळोद्याला गेले होते. मी बोथट पट्ट्या काढल्या, धारेच्या बसवल्या आणि माल टेम्पोत भरून मोकळा झालो. आठवड्याच्या आत पार्टी दारात. दुकानात थर लावल्याबरोबर खोकी घडीवर उकलली होती, पावडरच्या पिशव्या बाहेर आल्या होत्या. त्यानं एक खोकं टेबलावर आपटलं आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. लग्नाहून परतलेले आप्पा समोरच उभे होते. मी म्हणालो, “आप्पांचं वय झालं आता... हात थरथरतो.”

आप्पांनी खोकं उचललं, घडीवरून नख फिरवलं. कापलेली घडी त्यांना डोळे मिटूनही कळली असती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, खोकं आपल्या पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपणहून चिकटवणीच्या टेबलावर जाऊन बसले. मशीनला पुन्हा हात लावला नाही. आप्पाचा हात गेला, असं गावभर झालं. बाकीचे प्रेसवाले अडलं की त्यांना बोलवायचे, तेही थांबले. मी एका शब्दानं ते खोडलं नाही, उलट त्यांना कामावर ठेवलं म्हणून स्वतःची पाठ थोपटत राहिलो. नाव त्यांचं दगाजी आणि दगा दिला मी. या माणसाची, म्हणजे माझी, मला शिसारी येते.

परवा न राहवून कोरीटला गेलो. सुमनकाकू, आप्पांच्या पत्नी, ओट्यावर एकट्याच होत्या. खाली बघून सगळं सांगितलं. हात थरथरला नव्हता, पट्ट्या मी बदलल्या होत्या. वाटलं, रडतील, निदान चार शिव्या तरी देतील. काकूंनी पदर सारखा केला.

“माले माहीत शे, भाऊ. त्यासनी तव्हयच सांगेल व्हतं. तुम्ही कव्हय सांगशात, तीच वाट ते शेवटलोंग देखत ऱ्हायनात.”

मग आत जाऊन त्यांनी ते खोकं आणून माझ्या हातात दिलं. आप्पा त्यात चष्मा ठेवायचे. कापलेल्या घडीला त्यांनी आतून कागदाची पट्टी लावली होती, काठाला काठ जुळवून, कुठंही सुरकुती नाही... तेव्हाही हात थरथरला नव्हता.