एकाच तालावर दाऊदभाई

काल इथे आखातात, आमच्या अल बर्शाच्या घरी मुलाने एकाच तालावरची चार गायकांची चार गाणी लावली. "सेम रिदिम, बाबा," तो म्हणाला; रिदिम म्हणजे कुणीही आपले शब्द घालावेत असा तयार ताल. तो ताल मला ओळखीचा होता.

रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात असताना आमच्या बसचा युगांडाचा ड्रायव्हर तोच, नुसत्या वाद्यांचा, लावायचा आणि आम्ही त्यावर आपापले शब्द जुळवायचो. एका सकाळी दापोलीच्या दाऊदभाईंनी गावाकडच्या बायकोला उद्देशून त्यावर गायलं, "राबिया, छातीत धूळ साठली, श्वास पुरेना गं." सगळी बस हसली. "वन्स मोअर, दाऊदभाई," मीच म्हणालो. ते पुन्हा गायले, मध्येच खोकले. आम्ही सीटवर ठेका धरला होता.

तीन महिन्यांनी ते खोकतच गावी परतले आणि तिथेच वारले. ते खरं सांगत होते आणि शेजारी बसून मी त्यांना आणखी गायला लावत होतो.